सेन्सरच्या जागी मामंजी

आमच्या गाडीचा टेंपरेचर सेन्सर वारला आणि त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर माझ्या सासऱ्यांची नेमणूक झाली.

नव्या गाड्यांत म्हणे सेन्सर पोत्याने असतात, एक गेला तर दुसरा सांभाळून घेतो. आमची गाडी जुनी. चार-पाच सेन्सर आणि सीटखाली एक पत्र्याचा डबा, सगळा कारभार त्या डब्याकडे. डब्याला बोलता येत नाही, म्हणून तो समोरचा पिवळा दिवा मिचकावतो. होटगी रोडच्या इलियास मिस्त्रींनी दिव्याची मिचमिच पाहिली आणि टोपी काढली.

"सेन्सर गेला, वहिनी. डबा घरातला माणूस मागतोय."

"मी बसतो," आमचे हे म्हणाले. दिवा पुन्हा मिचकावला.

"तुम्ही चालणार नाही, मल्लिनाथभाऊ. डबा म्हणतो, ह्यांना काही जाणवत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला कोणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून मामंजी म्हणाले, "सूतगिरणीच्या बॉयलरवर होतो मी. जन्म गेला तिथं." दिवा तत्काळ विझला. म्हणजे निवड झाली.

मी हबकलेच. "अहो, सत्तरी उलटलेला माणूस बॉनेटमध्ये बसवायचा? लोक शेण घालतील तोंडात!" पण मामंजी धोतर सावरून रेडिएटरशेजारी पाटावर बसलेसुद्धा. इलियासभाईंनी त्यांच्या दोन्ही हातांत एकेक वायर दिली.

काम म्हटलं तर सोपं. डबा एका वायरीतून जरासा करंट पाठवतो आणि दुसरीतून किती परत आला ते बघतो. अंग गार असेल तर करंट अडतो, ऊन असेल तर सुटतो. गार म्हटलं की डबा पेट्रोल वाढवतो. गरम म्हटलं की पेट्रोल कमी करतो आणि रेडिएटरचा पंखा लावतो. स्वतः इंजिनाकडे तो ढुंकूनही बघत नाही. सेन्सर सांगेल ते ब्रह्मवाक्य.

आणि घोळ तिथेच झाला. बॉयलरपुढे जन्म काढलेल्या माणसाला सोलापूरचा मे महिनासुद्धा गार लागतो. मामंजी वैशाखात स्वेटर घालतात. गाडी काळा धूर ओकायला लागली, पेट्रोलचा वास घरभर, पंखा म्हणून लागेना. इलियासभाईंनी भंगारातून एक चांगला सेन्सर शोधून आणला तेव्हा मला हायसं वाटलं. गाडी चालूच ठेवून आम्ही त्यांच्या गॅरेजवर बॉनेट उघडलं.

"चला मामंजी, सुटलात. घरी चला."

"मी नाही येत, सूनबाई."

"म्हणजे?" हे ओरडले. "अप्पा, इथं काय ठेवलंय?"

"इथं मला विचारतात," मामंजी शांतपणे म्हणाले. "क्षणाक्षणाला विचारतात, कसं वाटतंय. घरी तूही विचारतोस, 'अप्पा, बरं आहे ना?' आणि मी तोंड उघडायच्या आत चपला घालून जातोस. हा डबा विचारतो, आणि मी सांगितलं की काहीतरी करतो. तुझी आई गेल्यापासून असं कोणी केलेलं नाही."

हे खाली बघायला लागले. आणि नेमकं तेव्हाच इलियासभाई किंचाळले, "काटा बघा!"

डॅशबोर्डावरच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो, तो बिचारा जिवंत होता. काटा लालमध्ये शिरला होता. रेडिएटर फसफसत होता, आणि मामंजी त्याला टेकून बसलेले.

"बंद करा गाडी!" मी म्हटलं.

"आत्ता बंद केली तर पाणी फिरायचं थांबेल, वाफ ह्यांच्या अंगावर येईल. पंखा लागला पाहिजे. पंखा डबाच लावणार," इलियासभाई म्हणाले.

"मामंजी, गरम आहे म्हणा हो! पाया पडते!"

"मला गार वाटतंय. बॉयलरवर कधी खोटं सांगितलं नाही, आता सांगू?"

ह्यांनी त्यांना ओढायला हात घातला, तर मामंजींनी वायरी आणखी घट्ट धरल्या. काय सुचलं देव जाणे, मी विचारलं, "मामंजी, कसं वाटतंय?"

"गार."

मी तिथून हलले नाही. सीटवरची जुनी चादर ओढली, त्यांच्या खांद्यांभोवती गच्च गुंडाळली आणि त्यांचे तळहात वायरींसकट माझ्या हातांत घेऊन चोळत राहिले. हात बर्फासारखे होते. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

"आता?"

"जरा बरं."

"आणि आता?"

मामंजींनी डोळे मिटले. "आता ऊन वाटतंय, पोरी."

खट्ट आवाज आला आणि पंखा गरगरायला लागला. काटा हळूहळू खाली उतरला. इलियासभाई मटकन टायरवर बसले. "अल्ला!"

गाडी निवल्यावर मामंजी आपणहून खाली उतरले. भंगारातला सेन्सर त्यांच्या जागी रुजू झाला. दिवा काही मिचकावला नाही. मामंजींनी मात्र आपल्या दोन वायरी सोडल्या नाहीत. घरी आल्यावर आरामखुर्चीत बसून त्यांनी त्यांची मोकळी टोकं माझ्यापुढे केली.

"धर."

मी धरली.

काल भर दुपारी हे ऑफिसातून आले ते घामाने निथळत. पंखा बंद, खिडक्या बंद, मामंजी शालीत आणि मी समोर वायरी धरून बसलेली. पदर घामाने ओलाचिंब.

"अगं, वेड लागलंय का? मे महिना आहे! पंखा लाव!"

"सेन्सर गार म्हणतोय," मी म्हटलं.

ह्यांनी चपला काढल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.