बेल गेली कुठे?

छकुलीने बनवलेली, इंटरनेटवर चालणारी दारावरची बेल तिच्या घरी महिनाभर बिनतक्रार वाजत होती. बाहेरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरातला छोटा डबा किणकिणायचा. कारखान्यात मात्र त्याच बेलचा पहिला माल बाहेर पडायच्या दिवशीच एकही बटण आपल्या जोडीचा डबा वाजवेना.

"मॅडम, हेही मुकंच," तपासणीवाले काका म्हणाले आणि ते बटण त्यांनी नापास ढिगात टाकलं. संध्याकाळी माल न्यायला गाडी येणार होती. मालक अधूनमधून नुसतेच डोकावून जात. ते ओरडले असते तर बरं, असं छकुलीला वाटलं.

तिने एक बटण उघडलं. जोडण्या ठीक, सेल ठीक, दिवाही लुकलुकतोय. मग आवाज जातो कुठे? तिला काळजीपेक्षा कुतूहलच छळू लागलं.

इतक्यात आईचा फोन.

"छकुले, सकाळपासून कोणीतरी बेल वाजवून पळतंय! मला समोरच्या काकूंचाच संशय आहे."

"आई, मी कामात आहे गं."

"मग मी काय रिकामी आहे? झाडू घेऊन दाराआड उभी आहे!"

थोड्या वेळाने पुन्हा फोन. आईने काकूंना जाब विचारला होता. काकू तणतणत शहानिशा करायला येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बेल वाजली होती.

"दारात चिटपाखरू नाही! काकूंचे तर हातपाय गार पडलेत. बघ, परत वाजली!"

त्याच क्षणी काकांनी आणखी एक बटण दाबून ढिगात फेकलं. छकुलीचे डोळे विस्फारले.

"काका, ते परत दाबा बरं. आई, वाजली?"

"वाजली!"

"काका, आता दोनदा."

"दोनदा! अगं, तुला तिथून कसं कळतंय?"

छकुलीने कपाळाला हात लावला. घरच्या बेलमधला प्रोग्राम तिने जसाच्या तसा कारखान्यात दिला होता, घरच्या डब्याच्या पत्त्यासकट! बटणं मुकी नव्हतीच. सगळी इमानेइतबारे तिच्या स्वयंपाकघरात बोंबलत होती.

"आई, भूतबीत काही नाही, आमचीच बटणं आहेत. वाजू देत, तू उठूच नकोस."

मग प्रत्येक बटणात आपापल्या जोडीचा पत्ता भरला गेला. टेबलावर एकच किणकिणाट झाला. गाडी भरून गेली आणि मालक चक्क हसले.

दमूनभागून छकुली घरी पोचली. तिने बेल दाबली. आत किणकिण झाली, पण दार उघडेना. तिने पुन्हा दाबली.

"बसा हो निवांत," आतून आईचा आवाज आला. "कारखान्यातली बटणं आहेत ती."

छकुलीने बटणावरचं बोट काढलंच नाही.

"बाई गं," काकू हळहळल्या, "अजून राबवतायत हो पोरीला!"