मन झाडताना उडालेली धूळ

नाताळाला तीन आठवडे उरले होते आणि अड्याळच्या गायन मंडळात कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. एकोणऐंशी सालातली ती शेवटची शांतता.

मंडळ म्हणजे चार माणसं. दवाखान्यातले कंपाउंडर मधुकरराव हे पुढारी. त्यांच्या हाताखाली शाळेतल्या सत्यभामाबाई, दाईचं काम करणाऱ्या शेवंताबाई आणि जंगलखात्यातला सहा फुटी चौकीदार भोजराज. पेटीला केवळराम कोष्टी. तो खरं तर मारुतीच्या देवळातल्या भजनाचा पेटीवाला. पण ‘सूर कोठंबी सूरच’ म्हणत तो दर नाताळात दवाखान्यामागच्या या छोट्या प्रार्थनाघरातही येऊन बसायचा.

त्या रविवारी भंडाऱ्याहून पाळकसाहेब आले. भिंतींना दिलेला चुना आणि दोरीवरच्या पताका पाहून ते म्हणाले, “ही तयारी झाली भिंतींची. मनाची कधी करणार? रोज थोडा वेळ शांत बसा. आपण कुणाचा अपराध केला ते आठवा, त्या माणसाकडे जा आणि कबूल करा. मन निर्मळ असेल तरच गाणं देवापर्यंत पोचतं.”

पाळकसाहेब दुपारच्या एसटीने परत गेले. मंडळाने मात्र त्यांचं बोलणं फारच मनावर घेतलं.

पहिला मान शेवंताबाईंनी पटकावला. सोमवारी सकाळीच त्या सत्यभामाबाईंच्या दारात हात जोडून उभ्या राहिल्या.

“बाई, मले माफ करा.”

“काहून? काय झालं?”

“मागच्या नाताळात तुमच्या अनारशाले मी नावं ठेवली. म्हणलं, कुत्र्यानंबी हुंगून सोडला.”

सत्यभामाबाईंना हे ठाऊकच नव्हतं. “कोणाजवळ म्हणलं?”

शेवंताबाई प्रामाणिक होत्या. “सगळ्यायजवळ.”

“माफ केलं,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दिवसभर त्या धुमसत राहिल्या. मग त्यांना वाटलं, आपण चिडलो हेही पापच. शांत बसून त्यांनी स्वतःचे अपराध आठवले आणि संध्याकाळी भोजराजला रस्त्यातच गाठलं.

“भोजराजभाऊ, तुमाले मागं दरवाज्यापाशी उभं करतात ना, ते माह्यामुळं. मीच मधुकररावले म्हणलं होतं, भोजराज गाते तं तलावातून म्हैस उठल्यासारखी वाटते.”

भोजराज सायकल धरून उभाच राहिला. “मले तं मधुकरराव बोलले, तुम्ही उंच आहा म्हणून मागं!”

तो तसाच दवाखान्यात गेला. मधुकररावांनी औषधाची बाटली खाली ठेवून सगळं कबूल केलं. त्या कबुलीने भोजराजचं मन इतकं हेलावलं की त्यालाही राहवेना.

“मलेबी एक सांगाचं आहे. परसाली गाण्याच्या वह्या बकऱ्यायनं खाल्ल्या. दरवाजा मीच उघडा टाकला होता.”

मधुकररावांचा चेहरा पडला. वर्षभर ते त्या वह्यांसाठी शेवंताबाईंना बोलत होते. आता त्यांना शेवंताबाईंची माफी मागणं आलं. ती त्यांनी मागितली. शेवंताबाईंनी त्यांना माफ केलं नाहीच, वर भोजराजच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर त्याला धारेवर धरलं.

दुसऱ्या आठवड्यात तालमीला चौघे चार कोपऱ्यांत उभे राहू लागले. ‘वही द्या’ एवढंसुद्धा केवळराममार्फत सांगितलं जाई. केवळराम बिचारा निरोप पोचवायचा आणि वाजवायचा. पण पाळकसाहेबांचं बोलणं त्यालाही पटलं होतं.

“मधुकरराव,” एका तालमीत तो गहिवरून म्हणाला, “मी तुमच्यातला नाही, पण मलेबी मन साफ करू द्या. तुम्ही गाण्याची पट्टी काळी पाच सांगता ना? मी चार सालापासून काळी दोनच वाजवून राहिलो. तुमचा आवाज वर जातच नाही, बाप्पा.”

काळी पाच हा मधुकररावांचा आयुष्यभराचा अभिमान होता. त्यांनी वही मिटली आणि तालीम संपली.

नाताळाला तीन दिवस उरले. आसपासच्या गावांतून माणसं येणार होती. मंडळ गप्प राहिलं तर लाज जाणार होती. शेवटी केवळरामच घरोघर फिरला आणि सगळ्यांना एकच सांगून आला. “भांडण नाताळ झाल्यावर करा. एकमेकाचं तोंड पाहाचं नसन तं नका पाहू. माह्या हाताकडं पाहा अन् गा.”

नाताळाच्या सकाळी प्रार्थनाघर भरलं. भंडाऱ्याहून पाळकसाहेब आले होते आणि पेटी ऐकायला कोष्टीपुऱ्यातलीही माणसं आली होती. भोजराज कुणाला न विचारता पुढच्या रांगेत येऊन उभा राहिला. केवळरामाने काळी दोन दाबली आणि चौघांची नजर त्याच्या बोटांवर खिळली.

आजवर हे चौघे एकमेकांकडे पाहत, कुणी आधी सुरू करतंय का याची वाट बघत गायचे. त्यामुळे गाणं कधी एकत्र उठलं नव्हतं की एकत्र बसलं नव्हतं. आज ते एकदम उठलं. ‘ये राजा, ये, आमच्या मातीच्या घरी’ या ओळीला भोजराजचा खर्ज असा लागला की सत्यभामाबाईंच्या अंगावर काटा आला. पट्टी काळी दोनच आहे हे आता ठाऊक असल्याने मधुकरराव गळ्याची शीर न फुगवता गात होते आणि आपण किती सुखाने गातोय याचं त्यांनाच नवल वाटत होतं. शेवटच्या, सातव्या गाण्याला तर शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पाळकसाहेब भारावून उभे राहिले. “पाहा, आत्मपरीक्षणाचं फळ! चार देह, एक मन!”

चौघांनी माना खाली घातल्या.

“मग मीही कबूल केलं पाहिजे,” पाळकसाहेब म्हणाले. “गेली तीन वर्षं तुमच्या गायनाच्या वेळी माझ्या कानांत कापूस असायचा. सर्दी झाल्याचं सांगून तो मी मधुकररावांकडूनच मागून घ्यायचो.”

दोन आठवड्यांत पहिल्यांदाच चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आयकलं का, बाई?” शेवंताबाई म्हणाल्या.

“आयकलं!” सत्यभामाबाईंनी त्यांचा हात धरला. “कापूस म्हणे!”

“अन् तोबी माह्याच डब्यातला,” मधुकरराव भोजराजच्या खांद्यावर हात टाकत म्हणाले. भोजराजला हसू फुटलं, मग चौघांनाही आवरेना. केवळराम तर पेटीवर डोकं टेकवून हसला.

“साहेब,” भोजराज डोळे पुसत म्हणाला, “आता पुन्हा पहिल्यापासून गातो. तुम्हीबी आमच्यासंगं गा.”

पाळकसाहेब आनंदाने पुढे आले आणि मोकळ्या गळ्याने गायले. पहिल्या ओळीला केवळरामचा हात अडखळला. दुसऱ्या ओळीला दारातली माणसं अंगणात सरकली. साहेब मात्र डोळे मिटून सातही गाणी गायले.

“कसं झालं? अगदी खरं सांगा,” घाम पुसत त्यांनी विचारलं.

सत्यभामाबाईंनी तोंड उघडलं, तोच शेवंताबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

“बहुत गोड, साहेब,” पाचही जण एका सुरात म्हणाले.