मल्लेशमकाकांची वेबसाइट

मल्लेशमकाका वेबसाइट पट्टीने मोजतात. खोटं नाही सांगत. आपण पान वर-खाली सरकवतो, चित्रं बघतो, फार तर दोन ओळी वाचतो. काका शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढतात, माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर टेकवतात आणि म्हणतात, "डावीकडं दोन घरं जागा सोडली, उजवीकडं तीन. कुणी काढलंय हे?" मग ती वेबसाइट कितीही मोठ्या कंपनीची असो, त्यांच्या मनातून उतरली ती उतरली.

घर म्हणजे ग्राफच्या कागदावरचा एक चौकोन. सोलापूरच्या पूर्व भागात चादरींचा एक कारखाना होता, तिथे काकांनी सगळी उमर नक्षी काढण्यात घालवली. एक घर म्हणजे एक धागा. कागदावर फूल काढायचं, घरं रंगवायची, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवले की चादरीत तेच फूल उमटतं. कारखाना बंद पडला, काका घरी बसले. पण जग घरांतच मोजायची सवय काही सुटली नाही. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. माझ्या दारावरचं तोरण एका बाजूला उतरलंय, हे मला गेल्या चार वर्षांत त्यांनी निदान दहा वेळा सांगितलं असेल.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे एका रविवारी जेवणं झाल्यावर काका वर आले ते थेट मुद्द्यावरच. त्यांना वेबसाइट करायची होती. कशाची, ते सांगेनात. दुकान काढताय का, विचारलं, तर नाही. मुलाचा काही व्यवसाय? तो हैदराबादला नोकरीत, त्याला कशाला हवी. पद्माकाकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय सांगत्यात? मी नुसता चहा द्यायचा."

आधी ते गावातल्या एका वेबसाइटवाल्याकडे जाऊन आले होते. तिथल्या मुलाने आकडा सांगितला आणि वर म्हणाला, डिझाइनची काळजी करू नका, ते आम्ही करू. काकांना आकड्यापेक्षा हेच जास्त लागलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी नक्षी काढलेल्या माणसाची नक्षी दुसऱ्याने काढायची? ते तिथून उठलेच.

मी त्यांना आतला कोड दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "हे वाचायचं का बघायचं?" वाचायचं, म्हटलं. "मग आपलं काम न्हाय, अम्मा. डोळ्याला दिसलं तर हाताला कळतं."

चार लोकांत मी त्यांची मॅडम असते. कामात मन रमलं की त्यांच्या घरच्या तेलुगूतली अम्मा होते.

म्हणजे त्यांना हवा होता वेबसाइट बनवायचा असा एडिटर, ज्यात चित्र माउसने उचलून हवं तिथे ठेवता येईल, आणि जो पेन्शनीत बसेल. असे एडिटर पुष्कळ आहेत. प्रत्येक जण पंधरा दिवस, महिनाभर फुकट वापरून बघा म्हणतो. काकांना ही पद्धत फार पसंत पडली. "आधी नमुना, मग दाम" हा त्यांचा जुना मंत्र. व्यापारी नमुना न बघता भाव विचारायला आला तर ते कारखान्यातही त्याला असंच ऐकवत. त्यांनी एकेक एडिटर घेतला, मुदत संपेपर्यंत पिळून काढला आणि नापास केला.

पहिला दर महिन्याला पैसे मागणारा होता. माग माणूस एकदा विकत घेतो, जन्मभर त्याचं भाडं भरत नाही, म्हणून तो गेला. दुसरा फुकट होता, पण पानाच्या तळाशी स्वतःच्या नावाची पट्टी लावायचा. "माझ्या चादरीच्या काठाला दुसऱ्याचं नाव?" तोही गेला. तिसरा दिसायला देखणा; पण फोटो सोडला की तो आपल्या मर्जीने अर्धं घर सरकायचा. काकांनी त्या कंपनीच्या मदतीच्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून तक्रार केली, आणि सुरुवातीला रीतीप्रमाणे जेवण झालं का, हेही विचारलं. पलीकडून उत्तर आलं की तुमचा प्रश्न समजला नाही, कृपया पर्याय निवडा. काका मला म्हणाले, पोरगी नवीन दिसते, रागावू नये. ते यंत्र आहे, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

खरा घोटाळा मोबाइलवर झाला. लॅपटॉपवर शेजारी-शेजारी मांडलेली तीन चित्रं फोनवर एकाखाली एक गेली. काकांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांचे पुठ्ठे उलटसुलट चढवलेत. फोनची काच अरुंद असते वगैरे मी समजावलं. ते खाली गेले. दोन दिवसांनी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "म्हंजे एकच नक्षी डबलच्या चादरीला आनि सिंगलच्या चादरीला बसवायची. आधी सांगायचं की." जे मुलांना समजवायला मला अर्धा दिवस लागायचा, त्यासाठी कॉम्प्युटरच्या तासाला मी तेव्हापासून हेच वाक्य वापरते.

शेवटी एक एडिटर सापडला. फुकट, कुणाचं नाव न लावणारा, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या पानामागे बारीक चौकोनांची जाळी चालू करता येते. ती जाळी दिसल्यावर काका खुर्चीत जरा पुढे सरकले. फक्त साइटचं नाव आणि जागा यांचे वर्षाला पैसे भरायचे होते. त्यांनी मनात हिशेब केला आणि दोन चादरींच्या किमतीत वर्ष निघतंय, चालतंय, म्हणाले.

त्यानंतर माझा जुना लॅपटॉप खाली गेला आणि दोन महिने काका मला फारसे दिसलेच नाहीत. काकू सांगायच्या की पत्र्याच्या पेटीतल्या ग्राफच्या जुन्या वह्या बाहेर आल्यात, सगळ्या कॉटवर पसरल्यात आणि झोपायला जागा राहिलेली नाही.

मग एका संध्याकाळी मला खाली बोलावणं आलं.

साइटवर एका पानाला एक नक्षी होती. वहीतल्या ग्राफचा फोटो, त्याखाली नक्षीचं नाव आणि ती पहिल्यांदा मागावर कुणी विणली त्याचं नाव. काकांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एक चौकट: 'ही चादर तुमच्या घरी असेल तर फोटो पाठवा. जुनी, फाटकी चालेल.'

मी विचारलं, तुमच्याकडे यातली एकही नाही?

"पुठ्ठे भंगारात गेले. चादरी बाजारात गेल्या," काका म्हणाले. "एवढ्या काढल्या, पन कुनी पांघरल्या ते कदी कळलं न्हाय, अम्मा. हायत का संपल्या, तेवढं बघायचंय."

काकू चहाचा कप हातात धरून दारात उभ्याच राहिल्या. त्यांनाही हे तेव्हाच कळत होतं.

फोटो येईनात. एक आठवडा, दोन आठवडे. काकांनी बटणाचा रंग बदलला, बटण एक घर वर घेतलं, मग परत खाली आणलं. मला तर वाटायला लागलं की आपणच कुणाच्या तरी नावाने एक फोटो पाठवावा. मग लाज वाटली, आणि मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना ती साइट दाखवत सुटले. आमच्या एका बाईंचं माहेर करकंबचं. त्यांनी ती गावाकडे पाठवली.

पाचव्या दिवशी करकंबहून फोटो आला. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली अर्धी चादर. सोबत चार ओळी होत्या: ही आमच्या आईची. आई गेल्यावर आम्हा दोघी बहिणींनाही हीच पाहिजे होती, म्हणून मधोमध कापली. अर्धी धाकटीकडे, माळशिरसला आहे.

मी घाबरतच काकांकडे पाहिलं. कात्री बरोबर मधल्या मोठ्या फुलातून गेली होती. काकांनी फोटो मोठा केला आणि कापलेल्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. बराच वेळ घरं मोजली.

"फुलाच्या मधनं कापलीय," ते म्हणाले. "दोगींना सारकी यावी म्हनून."

मग त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. एकेक अक्षर शोधत, दोन बोटांनी. मला वाटलं, नक्षी आपण काढली हे आता तरी लिहितील. त्यांनी लिहिलं: 'ताई, कापलेली कड दुमडून शिवून घ्या. नाहीतर फूल उसवेल.'

फोटो त्यांनी ग्राफच्या खाली लावला, डावीकडे. उजवीकडे तेवढ्याच मापाची जागा रिकामी सोडली. पान विचित्र दिसत होतं, अर्धं भरलेलं, अर्धं कोरं. ते मी त्यांना म्हटलंही.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "धाकटी पाटवंल की."