आठानं भागणारे काका

मी डाळीची आमटी चांगली झालीय म्हटलं, तर बिराजदार काका विचारतील, "किती वेळात शिजली?" आणि मग तेवढ्या वेळात जुन्या मोडेमवर किती फोटो उतरले असते, ते सांगतील.

काकांचं नांदेडला नेट कॅफे होतं. टेलिफोनच्या तारेवरून, कीऽऽ खर्रर्र करत इंटरनेट यायचं, त्या जमान्यातलं. तो आवाज ते अजून तोंडानं काढतात. आमच्या गल्लीतली कुत्री त्यावर उठून उभी राहतात. कॅफे बंद करून ते लातूरला आले, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला लागले आणि फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले. मी शिकवणी वर्गात दिवसभर रसायनशास्त्र ओरडून घरी येते. घसा गेलेला, पाय गेलेले. जिना तीन पावलांवर असतो, आणि मधे काका असतात.

"बाई, तुमचं नवीन नेट किती म्हणले?"

"शंभर, काका."

"आठानं भागा."

हे त्यांचं पालुपद. कंपनी सांगते ते बिट, आपल्याला लागतात ते बाईट, म्हणून आठानं भागायचं. "शंभराचे झाले साडेबारा. आता आमचा मोडेम घ्या. छप्पन. आठानं भागा, सात. त्यातले दोन रस्त्यात सांडायचे. हातात पाच! अन् ते बी केबी, बाई, एमबी न्हाई. तुमचा एक पिच्चर उतरवायला आमाला अडीच दिवस लागले असते. फोन एंगेज ठेवून!"

"हो का," मी म्हणते, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेते.

"अन् मधेच कुणाच्या मावशीचा फोन आला, की खलास. परत पहिल्यापासून."

गंमत अशी, की गल्लीभर लोकांचे वेग भागत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी नेट नव्हतं. "मुद्दत झाली, लई वर्षं लोकांना नेट दिलं. आता खामखा आपल्याला कशाला?" असं म्हणायचे. काकू म्हणायच्या, "फोन करणारं तरी कोण हाय म्हणा."

त्यांचा मुलगा महेश पुण्यात असतो. कंपनीत. सणाला यायचा, दुसऱ्या दिवशी बॅग भरायचा. "आप्पा, इथं नेट नाही, काम कसं करू?"

मग एका संध्याकाळी काका फाटकाशी उभेच होते. बसलेले नव्हते.

"बाई, व्हिडिओवर मीटिंग घ्यायला किती लागतं हो?"

त्यांनी मला वेग विचारायची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, "चार-पाच असले तरी भागतं."

"कुठून बी काम करा म्हणलंय त्याच्या कंपनीनं. महिनाभर येतो म्हणला. नेट असंल तर."

त्यांनी दोनशेचं घेतलं. मी म्हटलं, "काका, एवढं कशाला?" तर म्हणाले, "हयगय नको." फायबरची तार ओढणाऱ्या माणसाला त्यांनी दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्यांदा मोडेमचा आवाज काढून दाखवला. तो घाईनं गेला.

महेश आला. मधल्या खोलीत टेबल लागलं, दार बंद झालं. आणि काकांनी खुर्ची फाटकावरून उचलून त्या दारासमोर टाकली. दूधवाल्याला घंटी वाजवायची बंदी. भाजीवालीला हातानंच "न्हाई न्हाई". काकूंनी कुकर लावायचा नाही, शिटी होते. डाळ पातेल्यात शिजवायची. मीही जिना चपला हातात घेऊन चढायला लागले. खरं सांगायचं तर त्या महिन्यात मला घरी येऊन कुणाशी बोलावं लागलं नाही, याचं बरंच वाटलं.

एकदा मीच थांबले. हळूच विचारलं, "काका, बोलणं होतं का लेकाशी?"

"हाव, होतं की. जेवताना." काका कुजबुजले. "कानात ते घातलेलंच असतं. पण मधे मधे हसतो बगा."

"मग छान आहे की."

"छानच हाय. फकस्त माझ्याकडं बघून हसतो का मीटिंगमधल्यावर, ते कळत न्हाई."

असं म्हणून तेच हसले.

"नेट मस्त आहे हं, आप्पा," असं महेश एकदा म्हणाला होता. एवढंच. ते वाक्य काकांनी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, कुजबुजत.

महिना संपला. दुसऱ्या दिवशी मी काकूंचा डबा परत द्यायला गेले. बाहेरचं दार उघडंच होतं. काका त्याच खुर्चीत, त्याच बंद दारासमोर.

"काकू, डबा आणलाय!" मी नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हटलं.

काकांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं खोलीकडं खूण केली. मी जागीच थबकले. आतून काहीच आवाज येत नव्हता.

बोट तसंच ओठांवर राहिलं. मग त्यांनी ते हळूच खाली घेतलं आणि धोतराला पुसल्यासारखं केलं.

"सकाळच्या गाडीनं गेला न्हाई का तो," ते म्हणाले. मग खुर्ची जरा सरकवून माझ्याकडं वळले. "बोला बाई. आता मोठ्यानं बोला."