एका टबात तेरा फडकी

"महिन्याभरात या दवाखान्याचा कार्बन शून्यावर आणून दाखवतो. नाही आणला, तर दारावरचं माझं नाव खोडून टाका," असं डॉक्टरांनी जेवताना जाहीर केलं. कार्बन म्हणजे नेमकं काय आणि सध्या तो किती आहे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. डॉक्टर जनावरांचे होते, आणि बोलताना समोरच्या माणसालाही त्याच वर्गात धरत.

या प्रतिज्ञेला कारण घडलं होतं. पुलापलीकडे डॉक्टरांच्या वर्गमित्राचा दवाखाना. कॉलेजात याच मित्राने डॉक्टरांच्या वह्या उतरवून परीक्षा पार पाडल्या होत्या, आणि आता त्याच्याच दारावर ‘हरित पशुचिकित्सालय’ अशी पितळी पाटी लागली होती! पशुवैद्यांच्या संघटनेची समिती वीज, पाणी, कचरा सगळं तपासून ही पाटी देते. डॉक्टर गाडी मुद्दाम वाकडी करून ती दोनदा बघून आले. दुसऱ्यांदा बघून आले, त्या दिवशी जेवले नाहीत. लहान मुलाला दुसऱ्याच्या हातातला फुगा हवा असतो, तशी त्यांना ती पाटी हवी होती.

अर्ज गेला, तपासणीची तारीख आली आणि डॉक्टर सुधारणा करायला सरसावले. अडचण एवढीच, की सुधारायला काही सापडेना.

"टेबलावर अंथरायला आजपासून कागद बंद. कापड वापरायचं," डॉक्टरांनी फर्मावलं.

"कापडच आहे, साहेब. चौदा वर्षं कापडच आहे," कंपाउंडर म्हणाला.

"मग दिवे बदला."

"वहिनींनी मागेच बदललेत."

डॉक्टर चौदा वर्षं त्याच टेबलाशी, त्याच दिव्यांखाली उभे होते. पण पाहणं हे काम त्यांनी कायम दुसऱ्यांवर सोपवलेलं असे. शेवटी मागच्या मोरीत त्यांना पाप सापडलं. कंपाउंडर टेबलावरची फडकी चक्क गरम पाण्यात धूत होता. वाफा निघत होत्या!

"तिकडे हिमनग वितळतायत आणि तू इथे फडक्यांना अंघोळ घालतोयस?"

"साहेब, ते पाणी तर आपल्या…"

"एक शब्द नको. गरम पाणी बंद. सगळी फडकी एका टबात, गार पाण्यात. आणि तेच पाणी झाडांना घालायचं."

ते पाणी गच्चीवरच्या सौर बंबातून येत होतं. डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे कंपाउंडरच्या वहिनींनी, तो नऊ वर्षांपूर्वी बसवून घेतला होता आणि त्याला विजेचा एक थेंबही लागत नव्हता. ही गोष्ट फक्त एका माणसाला ठाऊक नव्हती, आणि तो माणूस गुडघ्यांचं कारण सांगून कधी गच्चीवर गेला नव्हता. त्या रात्री बाईंनी सांगून पाहिलं. "अहो, ते पाणी उन्हानं…" एवढंच त्या म्हणाल्या, तर उन्हावर डॉक्टरांनी पाऊण तास व्याख्यान दिलं. बाईंनी तेवढ्यात चार शर्टांना इस्त्री केली.

तपासणीच्या आदल्या दिवशी गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आपल्या लाडक्या कुत्रीला घेऊन आल्या. कुत्रीच्या कानाला सूज होती.

"आणि डॉक्टर, तिचे ते… दिवसही चालू आहेत," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या.

म्हणजे कुत्री माजावर होती. अशी मादी चार गल्ल्यांतल्या नरांना वेड लावते, हे शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टरांचं लक्ष मात्र उद्याच्या भाषणात. त्यांनी कान तपासला, थेंब घातले. कुत्रीने तेवढ्यात टेबलावरची तीन फडकी बदलायला लावली.

"साहेब, ही तीन तरी गरम पाण्यात काढू का?" कंपाउंडरने विचारलं. "वास राहील."

डॉक्टरांनी फडकं नाकाशी धरलं. "कसला वास? मला तर येत नाही."

ज्याने आयुष्यभर कुत्र्यांच्या नाकांवर पोट भरलं, त्याने वासाचा निकाल स्वतःच्या नाकावर द्यावा, याला काय म्हणायचं? कंपाउंडरने तेराच्या तेरा फडकी एका टबात बुडवली, पिळली, कुंपणावर वाळत घातली आणि टबातलं पाणी फाटकापासून दारापर्यंतच्या झाडांना घातलं. हुकमाचा ताबेदार होता तो, आणि थोडा खुनशीही.

सकाळी फाटकाशी दोन कुत्री बसलेली होती. आठ वाजता सात झाली. नवाला डॉक्टर उतरले तेव्हा चौदा होती.

"पाहिलंस? लोकांना पाटीची कुणकुण लागलेली दिसते. पेशंट वाढले," डॉक्टर म्हणाले.

"पेशंटांबरोबर मालक नाहीत, साहेब. आणि एकजात नर आहेत."

दहापर्यंत एकोणीस झाली. ती एकेका झाडाला हुंगत, तंगडी वर करत, एकमेकांवर गुरगुरत होती. एकाने कुंपणावरचं फडकं ओढून गल्लीतून नेलं आणि पाचजण त्याच्यामागे धावले. डॉक्टरांनी झाडू उगारला, तर एका तांबड्या कुत्र्याने झाडूच काढून घेतला. दवाखान्यात दोन मांजरं तपासणीला आली होती. त्यांतलं एक कपाटावर गेलं आणि दुसरं मालकिणीच्या डोक्यावर.

अकराला समितीच्या तपासनीस बाई आल्या. चालत आल्या, हातात फाइल. कुत्र्यांमधून वाट काढत त्या कशाबशा आत शिरल्या. डॉक्टरांनी त्यांच्या मानासाठी खुर्चीवर स्वच्छ फडकं अंथरलं. तेरांतलंच एक.

"बसा, बसा. संपूर्ण गार पाण्याचं आहे."

बाई बसल्या. त्यांनी विचारलं, "उन्हाळा लांबलाय, तर गोचीड किती वाढले? काही नोंद ठेवता?"

डॉक्टर हिमनगांवर बोलू लागले. कंपाउंडरने मुकाट्याने कपाटातून एक वही काढून दिली. कोणत्या महिन्यात किती कुत्र्यांना गोचीड, किती म्हशींना उन्हाचा त्रास, सहा वर्षांचं सगळं त्यात होतं. बाईंनी चष्मा लावून पानं उलटली. डॉक्टरही मान तिरकी करून बघू लागले, कारण वही त्यांनाही नवीन होती.

वीस मिनिटांनी बाई झाडं पाहायला बाहेर पडल्या.

एकोणीस कुत्र्यांनी एकदम माना वळवल्या. कोणी चावलं नाही, भुंकलंही नाही. प्रेमाने, लाळ गाळत, रांग मोडून सगळे बाईंकडे निघाले. बाई मागे सरल्या, कुत्री पुढे सरली. बाई झाडाला वळसा घालून पळाल्या, तर सगळी वरात मागोमाग! शेवटी त्या आत येऊन तपासणीच्या टेबलावर चढल्या आणि कंपाउंडरने दार लावून घेतलं.

आता तरी माणसाने माफी मागावी. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "हवामानबदल, बाई. कुत्र्यांचे ऋतूच बदललेत."

"मीही जनावरांचीच डॉक्टर आहे," टेबलावरून बाई म्हणाल्या. "काल इथे माजावरची मादी आली होती. ही फडकी कशात धुता?"

डॉक्टरांनी अभिमानाने सांगितलं. टब सांगितला, गार पाणी सांगितलं, झाडंही सांगितली. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होत होता. पाटी हातची गेली, हे डॉक्टरांना तेव्हा प्रथम कळलं.

डॉक्टरीणबाई धावत खाली आल्या. जिन्याने तपासनीस बाईंना वर नेलं, अंघोळीला गरम पाणी दिलं, स्वतःचे कपडे दिले. अंघोळीनंतर दोघी गच्चीवर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. कंपाउंडरलाही वर बोलावणं आलं. डॉक्टरांना मात्र कोणी बोलावलं नाही. ते खाली मांजरीला कपाटावरून काढत बसले होते.

आठ दिवसांनी समितीचं पत्र आलं. ते डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचलं.

"तपासणीत असे आढळले की आपला दवाखाना गेल्या महिन्यापर्यंत पूर्णपणे हरित होता. सौर बंब, कापडाचा पुनर्वापर व रोगनोंदी कौतुकास्पद आहेत. डॉक्टरांनी केलेल्या सुधारणा मागे घेतल्यास, आणि पुढील तीन महिने त्यांनी कोणतीही नवी सुधारणा न केल्यास, पाटी देण्यास समितीची हरकत नाही."

"म्हणजे काहीच करायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वस्तात सुटलात."

"काहीच नाही?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका पडेल होता, की कंपाउंडरलासुद्धा क्षणभर वाईट वाटलं.

पाटी तयार होऊन संघटनेच्या कपाटात पडली आहे. डॉक्टरांनी तीन महिने स्वस्थ बसायचं, एवढंच काय ते बाकी आहे. ती मुदत आतापर्यंत चार वेळा पहिल्या दिवसापासून मोजावी लागली आहे.