चांदणवेलचं वेटिंग

एका जंगलात, बाळांनो, सतरा हॉटेलं होती आणि एकही वाघ नव्हता.

वाघ कुठं गेला? मध्येच विचारू नका. गेला असेल कुठंतरी जेवायला. आधी ते मोबाइल उलटे ठेवा, मग पुढचं सांगतो.

तर पूर्वी त्या जंगलात दोन प्राणी भेटले की "बरं आहे ना?" असं विचारायचे. आता "काय, परवा कुठं जेवलात?" असं विचारायला लागले. घरीच जेवलो म्हटलं की समोरचा हळहळायचा. "अरेरे! बरं नाही का कुणाला?"

हॉटेल आवडलं की प्राणी त्याला जांभळं द्यायचे. फार आवडलं तर पाच, नाही आवडलं तर एक. जांभळं देण्यासाठी जेवलंच पाहिजे, असा काही नियम नव्हता. खारीनं तर एका हॉटेलाला नुसती पाटी बघून चार जांभळं दिली होती.

त्या जंगलात दिगंबर साळिंदर राहायचा. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्यासारखा. घरात आई, वडील म्हणजे अण्णा, बायको विभावरी आणि दोन पिल्लं. सासू-सासऱ्यांसमोर विभावरी त्याला "अहो" म्हणायची आणि दोघंच असली की "दिगू". लग्नाला अकरा वर्षं होत आली होती. शेवटचं "दिगू" कधी म्हटलं, ते तिला आठवत नव्हतं. दोघंच कधी नसायचीच, तर म्हणणार कधी?

आता नीट ऐका. विभावरीला एक पत्र आलं होतं. तळ्यापलीकडे पिल्लांची शाळा निघाली होती आणि तिथं शिकवायला तिला बोलावलं होतं. तिला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण आधी नवऱ्याशी नीट बोलायचं होतं. घरात तोंड उघडलं की एखादं पिल्लू रडायचं, नाहीतर अण्णांचा चष्मा हरवायचा. म्हणून तिनं ठरवलं, रविवारी हॉटेलात बोलू. तिथं निवांत वेळ असतो.

भोळी होती हो बिचारी!

रविवार उजाडला. दिगंबरनं विचारलं, "कुठं जायचं?"

"मला काहीही चालेल," अण्णा म्हणाले.

बाळांनो, ज्या घरात एकाला काहीही चालतं, त्या घराला कुठलंच हॉटेल चालत नाही.

"नदीकाठी जाऊ या?"

"तिथं डास आहेत."

"मग बांबूच्या बनात?"

"परवाच रेड्याचं पोट बिघडलं तिथं."

"टेकडीवरच्या?"

"जा की तुम्ही. मी आपला दूध-पोळी खाऊन पडून राहीन."

आईला तिखट नको, तेलकट नको आणि डोक्यावर पंखा नको. पिल्लांना लाल नूडल्स हव्यात आणि झोपाळा हवा. पाऊण तास चर्चा व्हायची आणि मग सगळे 'वनश्री फॅमिली गार्डन'मध्ये जायचे. तिथं वरण-भातही होता, नूडल्सही होत्या आणि दोन झोपाळे होते. दर रविवारी तीच चर्चा आणि दर रविवारी तेच हॉटेल.

विभावरीनं सुरुवात केली. "अहो, मला एक सांगायचंय."

"मॅडम, पनीर की मश्रूम?" रानकोंबडा वेटर वही काढून उभा.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "अहो, मला एक पत्र..."

"भाजी एकदम आणू की मागून?"

त्याच्या पुढच्या रविवारी ती "अहो, तळ्यापलीकडे" इथपर्यंत पोचली. तेवढ्यात धाकटं पिल्लू झोपाळ्यावरून पडलं आणि त्याचे दोन काटे मोडले. तीन रविवार असे गेले. शाळेला उत्तर द्यायची मुदत सोमवारी संपत होती.

सुदैवानं त्याआधीचा शनिवार त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा होता. विभावरी हळूच म्हणाली, "या वेळी आपण दोघंच जाऊ या." दिगंबर खूश झाला. त्यानं केसाला तेल लावलं, काट्यांनाही लावलं. दोघं संध्याकाळी दारापर्यंत पोचली.

आणि तिथं दिगंबर थबकला. चांगल्या घरातला मुलगा ना तो! वळून म्हणाला, "आई, अण्णा, तुम्हीही चला ना."

अहो, असं म्हणायचंच असतं! समोरच्यानं "नको रे, तुम्ही जा" म्हणायचं असतं. आपण "असं काय करता, चला" म्हणायचं असतं. असं तीनदा होतं आणि तिसऱ्यांदा समोरचा चपला शोधायला लागतो. कुणालाच जायचं नसतं, कुणालाच न्यायचं नसतं आणि सगळे मिळून जातात. त्या जंगलात असे कितीतरी वाढदिवस बुडाले होते.

विभावरीचे सगळे काटे उभे राहिले.

"नको रे, तुम्ही जा," आई म्हणाली.

"असं काय करतेस, चल ना!"

"नको म्हटलं ना एकदा! जा की मेल्यांनो दोघं!" आई अशी कडाडली की अण्णांनी हातात घेतलेली काठी गुपचूप कोपऱ्यात ठेवली.

त्या माउलीला मी तरी पाच जांभळं दिली असती.

दिगंबरनं हॉटेल आधीच हेरून ठेवलं होतं. 'चांदणवेल'. जंगलात पाचपैकी पाच जांभळं त्या एकाच हॉटेलाला होती. सशानं लिहिलं होतं, "दीड तास थांबलो. नंबर लागला नाही. जेवण अप्रतिमच असणार." कोल्ह्यानं लिहिलं होतं, "चारदा गेलो, चारही वेळा फुल्ल. याला म्हणतात क्वालिटी!" हो, कोल्ह्यानंच. तो हुशार असतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल, ते विसरा.

चांदणवेलच्या दाराशी पांढराशुभ्र बगळा एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायात वही.

"किती जण?"

"दोघं."

"चाळीस मिनिटं लागतील. बसा."

समोर एक आडवा ओंडका होता, त्यावर जोड्या बसल्या होत्या. शेजारी भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगांची गाडी होती. दोघं ओंडक्यावर टेकली. मेनू कार्ड नव्हतं, ठरवायला काही नव्हतं, कुणी झोपाळ्यावरून पडणारं नव्हतं. दिगंबरला हातांचं काय करावं ते कळेना. म्हणून त्यानं बायकोकडे बघितलं.

"अगं, तुझा कानामागचा काटा पांढरा झाला!"

"दोन वर्षं झाली त्याला," ती म्हणाली. मग हसली आणि म्हणाली, "दिगू."

मग तिनं पत्र काढलं आणि सगळं सांगितलं. मध्ये कुणी पनीर विचारलं नाही. "पिल्लांचं सकाळचं कोण बघेल?" असं दिगंबरनं विचारलं. "तू," ती म्हणाली. "आईचं औषध?" "तेही तू. तुझीच आई आहे." तो थोडा फुगला, मग दोन शेंगा सोलून त्यानं दाणे तिच्या हातावर ठेवले.

"आणखी वीस मिनिटं!" बगळा ओरडला.

"तुला फार जायचंय का?"

"फार. मला नुसतं घर सांभाळून कंटाळा आलाय रे. रडू येतं कधीकधी."

"मग हो म्हण," दिगंबर म्हणाला. "आणि मला एक सांगायचंय. मला ती वनश्रीची भाजी अजिबात आवडत नाही. अकरा वर्षं खातोय."

ती इतकी हसली की शेजारचं भेकर दचकलं. दोन तास दोघं बोलत होती. शेवटी बगळा वही मिटून म्हणाला, "आजचं बंद झालं. पुन्हा या." घरी येऊन त्यांनी सकाळचा भात फोडणीला टाकला आणि चांदणवेलला पाच जांभळं दिली.

आई जागीच होती. "कसं होतं?" तिनं विचारलं.

"नंबरच लागला नाही. दोन तास नुसतं बसून होतो."

"दोघंच? दोन तास?" आईनं पुन्हा पुन्हा विचारलं. तेव्हापासून ती अण्णांना घेऊन दर शनिवारी प्रवचनाला जायला लागली.

विभावरी सोमवारी हो म्हणाली आणि शाळेत जायला लागली.

पुढं वर्ष होत आलं, तेव्हा एक वानर चांदणवेलच्या कुंपणावर चढलं आणि आत डोकावलं. आत टेबलं नव्हती, चूल नव्हती, आचारी नव्हता. एक खाट होती आणि दोरीवर बगळ्याचा सदरा वाळत होता. वानरानं जंगलभर बोंब मारली. सरपंच गवा रागानं लाल झाला आणि त्यानं बगळ्याला पंचायतीपुढं उभं केलं.

"फसवतोस काय रे सगळ्यांना?"

"मी कधी म्हटलं इथं जेवण मिळतं?" बगळा म्हणाला. "मी विचारतो किती जण. ते सांगतात, मी लिहितो." शेंगांची गाडी आपल्या मेव्हण्याची आहे, हे तो बोलला नाही. त्याला कुणी विचारलंच नाही.

पंचायतीनं हुकूम काढला की पंधरा दिवसांत आत खरं जेवण मिळालं पाहिजे. बगळ्यानं चाळीस टेबलं मांडली, आचारी आणले, वेटर आणले आणि अठरा पानांचा मेनू छापला.

त्याच आठवड्यात दिगंबर आणि विभावरीच्या लग्नाला बारा वर्षं झाली, म्हणून शनिवारी दोघं चांदणवेलला निघाली. पिल्लांना त्यांनी घोरपडकाकूंकडे ठेवलं. आई-अण्णा केव्हाच प्रवचनाला गेले होते. या वेळी बोलायचं होतं ते दिगंबरला. वर्षभर मनात घोळत होतं, घरात जमत नव्हतं.

लगेच टेबल मिळालं. दोघांनी नऊ-नऊ पानं वाचली. आजूबाजूला सगळ्या जोड्या खाली माना घालून वाचत होत्या.

"विभा, मी काय म्हणतो..." दिगंबरनं सुरुवात केली.

"सर, स्टार्टरमध्ये काय घेणार?"

"तुला काय हवं?" त्यानं तिला विचारलं.

"काहीही चालेल," विभावरी म्हणाली.

स्वतःचेच शब्द ऐकून ती घाबरली. दिगंबरही घाबरला. अण्णांचाच आवाज आला हो त्याला! त्यानं मेनू मिटला आणि तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. बगळा दाराशी खिन्न उभा होता.

"बगळेसाहेब, आमचं नाव लिहून घ्या."

"अहो, आत जागा आहे."

"जागा नकोय. वेटिंग हवंय."

बगळ्याचे डोळे भरून आले. त्यानं जुनी वही काढली. दोघं ओंडक्याकडे वळली, तर ओंडक्यावर आधीच एक जोडी बसलेली. म्हातारा शेंगा सोलत होता. म्हातारी त्याच्या खांद्यावर हलकेच चापट मारून म्हणत होती, "सदू, किती रे खोटं बोलतोस! काहीही चालतं म्हणे. तुला माझ्या हातची भाकरीच लागते, मग असं सांगायचं की नाही मला, बेचाळीस वर्षांत?"

आई होती ती. अण्णांना सदू म्हणत होती.

दिगंबरनं सवयीनं तोंड उघडलं. "आई, तुम्ही पण इथं? चला ना, एकत्रच..."

विभावरीनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबलं. काटे टोचले, तरी सोडलं नाही. त्याला ओढत ओढत तिनं ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला, पार झाडाआड नेऊन बसवलं. तिथं दिगंबरनं तिला सांगितलं की सकाळी ती शाळेला निघते, तेव्हा तिच्याकडे बघायला त्याला फार आवडतं. वर्षभर सांगायचं राहिलं होतं.

महिनाभरात सगळं जंगल ओंडक्यावर आलं. आतली टेबलं बगळ्यानं विकून टाकली आणि आणखी तीन ओंडके आणले.

तर मग बगळा लबाड ठरला की नाही, असं तुम्ही विचाराल. ठरला तर! चांगलाच लबाड ठरला. पण गवा सरपंचानं त्याला शिक्षा केली नाही. तो दर शनिवारी गव्याबाईंना घेऊन तिसऱ्या ओंडक्यावर बसलेला असतो.

तात्पर्य : जिथं नंबर लगेच लागतो, त्या हॉटेलात घरच्या सगळ्यांना न्यावं, त्यांना भूक लागलेली असते. जोडीदाराला मात्र जिथं जेवण मिळत नाही तिथंच न्यावं, आणि निघताना दारात वळून बघू नये.