नायलॉनचा काळा

पांडेसऱ्याच्या एका कापड मिलमध्ये मी रंगमास्टर आहे. माझा काळा धुऊन उतरला, अशी तक्रार आजवर आलेली नाही. (इतर तक्रारी येतात.) रविवारी लिंबायतच्या हॉलमध्ये समाजाचा गुणगौरव होता. आमची नूतन बडोद्याला केसांच्या मुळातल्या स्टेम सेलवर पीएचडी करते, म्हणून तिचा सत्कार. शेजारी आईवडिलांनी बसायचं. म्हणजे मी एकट्यानेच. तेव्हा ठरवलं, कानांवर उरलेले पांढरे केस तरी काळे करू.

हे काम रंजना करायची. ती गेल्यापासून घरात डाय आला नव्हता. दुकानातून पुडी आणली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण जन्मभर रंग शिजवणाऱ्या माणसाने रंग विकत आणायचा? मी मिलमधून नायलॉनचा काळा घेऊन आलो.

केसांनी तो घेतलाच नाही. टकलाने घेतला, तोही निळा. (पातळ केला की काळा निळी झाक मारतो, हे मी नव्या कारागिरांना रोज बजावतो.) साबण झाला, बेसन झालं, लिंबू झालं. शेजारच्या उषाबाईंनी रॉकेल आणून दिलं आणि देवापुढे दिवा लावू नका, असंही सांगितलं. रंग तसूभर हलला नाही. घाबरलो होतोच, पण मालावर आतून खूशही होतो.

नूतन घरी आली. अंगठ्याने माझं डोकं घासून पाहिलं.

"पप्पा, रंग पक्का आहे. कातडी कच्ची आहे."

मी म्हणालो, तू एकटी जा, तुझी शोभा होईल.

"आईची खुर्ची रिकामी राहणार. आता तुमचीही ठेवू?"

गेलो. टोपी कानांपर्यंत ओढून. पण आम्हा खान्देशी लोकांत सत्कार म्हणजे टॉवेल-टोपी, हे मी विसरलो होतो. नवी टोपी घालायची तर जुनी काढावी लागते. अध्यक्ष हिलालअण्णांनी ती काढली.

"मास्तर, हाई काय शे?" त्यांनी माइकवरच विचारलं.

नूतनने माइक घेतला. कातडीचा वरचा थर रोज झडतो, खालून नवा वर येतो, हा निळा महिनाभरात आपोआप जाईल, असं तिने सांगितलं. जखम झाली तर केसांच्या मुळातल्या स्टेम सेलही कातडी भरायला धावून येतात, म्हणाली. माझ्या डोक्यावर बोट ठेवून ती शिकवत होती. मागच्या रांगेतल्या बायका बघायला उभ्या राहिल्या. रंजना असती तर पहिल्या रांगेत उभी राहिली असती.

हिलालअण्णांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "मंग केस का नाही येत?"

"स्टेम सेल टकलातही असतात, अण्णा. फक्त झोपलेल्या असतात."

"माझ्या बापावर गेल्या, तोही झोपलेलाच असायचा," अण्णा म्हणाले. टाळ्या तेव्हाच सगळ्यात जास्त पडल्या. मीही वाजवल्या.

महिनाभरात डोकं खरंच स्वच्छ झालं. पोरगी बोलली तसंच. परवा हॉलपाशी दोघं कुजबुजत होते.

"ते नूतनचे पप्पा ना?"

"छे, ते तर निळे आहेत."